अधांतरी लागलेलं दही

१८ जानेवारी, तुळजापूर

कॉलेजातल्या आमच्या अर्पिता मॅडम म्हणाल्या, प्रयोगाच्या नोंदी एकीकडं ठेव आणि मनातलं दुसरीकडं. प्रयोगाच्या नोंदीत 'मला वाटतं' हे शब्द कुठंही येता कामा नयेत. मला तर सारखंच काही ना काही वाटत असतं. म्हणून ही वही सुरू करतेय.

आमचा प्रयोग निवडला गेला. चार अंतराळवीर दोन आठवडे वर राहणार आहेत आणि त्यांचं काम एकच, वजन नसलेल्या जागी सजीवांचं काय होतं ते तपासायचं. हाडं, रक्त, डोळे, रोपं आणि आमचं दही. वर गेलेल्या माणसांचं पचन बिघडतं. पोटातले उपयोगी जिवाणू तिथं कसे वागतात, हे नीट कुणाला ठाऊक नाही. आमचा प्रयोग साधा आहे. रोज एक दुधाची पिशवी, तिच्यात आदल्या दिवशीच्या पिशवीतलं थोडं विरजण. घरात करतात तेच, फक्त अधांतरी. त्याच दिवशी, त्याच वेळी इथं प्रयोगशाळेत मी तसंच दही लावत जाणार. शेवटी दोन्हींची तुलना.

विरजण कुणाचं, असा अर्जात रकाना होता. मी लिहिलं, माझ्या आईचं. अव्वा जाऊन पाच वर्षं झाली, पण ती लग्न होऊन आली तेव्हा लावलेलं विरजण आमच्या घरात अजून चालू आहे. आता शिवलीलावहिनी लावतात. 'एकाच घरात, एकदाही न मोडता, सत्तावीस वर्षं चालत आलेलं.' मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ ओढली. म्हणाल्या, "याच्यामुळंच निवड झाली बघ."

२५ जानेवारी, वस्तीवर

घरी सांगायला आले. तामलवाडीच्या फाट्यावरून आत वस्तीपर्यंत टमटमनं येताना अंगातली हाडं खिळखिळी झाली.

अप्पा कपाळाला विभूती लावून ओसरीवर बसले होते. त्यांच्या तोंडी विरजण हा शब्द नाही, आजीच्या कानडीतला हेप्पू आहे.

"म्हणजे आपलं हेप्पू वर जाणार?"

"जाणार."

"आणि दही कोण खाणार?"

"कुणी नाही अप्पा. गोठवून परत आणणार."

"एवढ्या लांब न्यायचं आणि खायचं न्हाई." अप्पांनी वीरेशदादाकडं बघितलं. "शिकल्यावर असं होतंय बघ. तू शिकला न्हाईस ते बरं झालं."

दादा म्हणाला, "थंडीत हितं दही लागंना, तिकडं काय लागतंय." तो दुकानाला गेला.

वहिनी भाकरी थापत ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "ताई, तिथं कशालाच वजन नसतं म्हणता. मग एखाद्या बाईला दिवस गेले, तर पोटात टिकत असंल का?"

मला एवढा आनंद झाला. वहिनी दहावीपर्यंत शिकलेल्या, पण प्रश्न संशोधकाचा. मी त्यांना सगळं समजावलं. माणसांवर असं कुणी केलेलं नाही, उंदरांवर थोडं काम झालंय, टिकेलच असं सांगता येत नाही. त्या "हां" म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्यांना दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही, त्यामुळं असा प्रश्न सुचला असेल. मी त्यांना म्हटलं, पुढं शिका तुम्ही, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून देते.

८ फेब्रुवारी, तुळजापूर

विरजणाची पहिली खेप गेली. इथून पुणे, तिथून विमानानं परदेशात. जिवंत विरजण ठरावीक मुदतीतच वापरावं लागतं, त्यामुळं उड्डाण पुढं ढकललं तर नवीन द्यावं लागेल.

घरून आणायला मीच जाणार होते. पण इथला इन्क्युबेटर अचानक तापमान सोडतो, मला हलता येत नाही. दादा मोटरसायकलवर आणतो म्हणाला, मी नको म्हटलं, तो हलवतो. वहिनींच्या हाताइतका स्थिर हात मी बघितला नाही. फोनवर पुन्हापुन्हा सांगितलं, गाडगं मांडीवर घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा, धक्का लागू देऊ नका.

स्टँडवर उतरल्या तेव्हा एक हात गाडग्याच्या गळ्याशी आणि दुसरा पदराखाली पोटाशी. दुखतंय का विचारलं.

"रस्ता वाईट हाय ओ," म्हणाल्या.

चहा नको म्हणाल्या, वास नको वाटतो. स्टँडबाहेर कवठं विकायला होती. एक घेतलं, तिथंच फोडून मीठ लावून खाल्लं. मला हसू आलं, शाळेतल्या मुलीसारख्या बोटं चाटत होत्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना असं खूश बघितलं. आपल्या घरचं काही एवढ्या लांब जाणार याचा आनंद त्यांनाही झालाच असणार.

२१ फेब्रुवारी

उड्डाण पुढं गेलं. रॉकेटमध्ये कुठंतरी गळती. मॅडम म्हणाल्या, हे होतंच. मला मात्र जेवण गेलं नाही.

१ मार्च

वहिनी दुसरी खेप देऊन गेल्या. लगेच परतीची बस. गाडग्याला तडा नाही, दह्याला पाणी सुटलेलं नाही. मी त्यांना सांगितलं, मोठ्या प्रयोगशाळेतली माणसंसुद्धा इतकी काळजी घेत नाहीत.

१४ मार्च

पुन्हा पुढं ढकललं. आज तिसरी खेप मॅडमच्या गाडीनं दुपारी पुण्याला निघायची होती. सकाळी वहिनींना फोन केला.

"ताई, आज मला जमायचं न्हाई. ह्यांच्यासंगं पाठवू का?"

"दादा दोन खड्ड्यांत त्याचं ताक करेल. काय झालंय तुम्हाला?"

"काही न्हाई. आंग जड वाटतंय."

मी बोलले. आता लिहिताना बरं वाटत नाही, पण बोलले. म्हटलं, मी इथं रात्रंदिवस राबते, एका गावाचं नाव जगात जाणार आहे, आणि घरातून एवढं एक काम होत नाही? अव्वा असती तर चालत आली असती.

मग म्हणाल्या, "येते."

आल्या. चेहरा उतरलेला होता. गाडगं माझ्या हातात देताना म्हणाल्या, "बघा, हललं न्हाई." स्टँडच्या बाकावर जरा बसल्या, मी त्यांना थांबा म्हणणार होते, पण गाडी निघायची वेळ झाली होती. रस्त्यातून वळून हात केला, त्यांचं लक्ष नव्हतं.

दिवसभर मनात खुटखुटतंय. घरी गेल्यावर साडी घेऊन जाईन.

१७ मार्च

घरी फोन कुणी उचलत नाही. दुपारी दादानं त्याचा मोबाईल उचलला. "शिवलीला माहेरी गेलीय," एवढंच म्हणाला.

"मग विरजण कोण लावतंय?"

त्यानं फोन ठेवला.

मला राग आला आहे. त्या दिवशी बोलले म्हणून वहिनी माहेरी निघून गेल्या असणार. अप्पांनाही काही सांगवेना, नुसतं "कामाकडं बघ तू" म्हणाले. घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीच्या वाट्याला हे येतंच, असं मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. आपण पुढं जातो, घर जागेवर राहतं आणि मग दोन्हीकडं दुखतं.

२९ मार्च

तिसरी खेपही वाया गेली. या वेळी तिथलं हवामान. चौथी आज दादानं आणली, मोटरसायकलवर, स्टीलच्या डब्यात. निम्मं पिशवीत सांडलेलं.

"वहिनी का नाही आल्या?"

"हे घे. आन् परत मागू नको."

चहाला थांबला नाही. मी अर्पिता मॅडमना म्हटलं, भावाला माझं शिकणं खुपतंय. मॅडम म्हणाल्या, "असं पटकन ठरवू नये." मग डबा बघून काळजीत पडल्या. वर पाठवायच्या पिशव्यांपुरतंच दही होतं. इथल्या तुलनेसाठी उरलं नाही.

"आपल्याकडं तिसऱ्या खेपेचं गोठवलेलं आहे. पण हे आणि ते एकच आहे का? नक्की?"

मी म्हटलं, "मॅडम, आमच्या घरात विरजण कधी मोडलेलं नाही."

मॅडमनी ते वाक्य तसंच अहवालात उतरवून घेतलं.

१२ एप्रिल

गेलं. कॉलेजच्या हॉलमध्ये पडद्यावर बघितलं. धुराचा लोट, मग एक ठिपका, मग काही नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. अव्वाला आयुष्यात सोलापूरच्या पुढं जाता आलं नाही.

१९ एप्रिल, वस्तीवर

आज वरून थेट चित्रण होतं, त्यात आमची पिशवीही दाखवणार होते. ते घरच्यांबरोबर बघावं म्हणून मॅडमना एक दिवस इन्क्युबेटर सांभाळायला सांगून आले.

वहिनी घरात होत्या, पडून. फार वाळल्या आहेत. उन्हाळा बाधला म्हणाल्या. साडी दिली, उशाशी ठेवली, उघडली नाही. मी त्या दिवसाबद्दल सॉरी म्हटलं. "असू द्या ओ," म्हणाल्या.

फोनवर सगळ्यांना दाखवलं. त्या चौघांतल्या एका बाईनं पिशवी हातातून सोडली आणि ती तिथंच थांबली, पडली नाही. हळूच स्वतःभोवती फिरू लागली. आत पांढरं दही. बाई इंग्रजीत म्हणाल्या, हे भारतातल्या एका खेड्यातल्या घराचं आहे. मी भाषांतर करून सांगितलं.

अप्पा म्हणाले, "कुणीतरी धरा की त्याला."

"धरायला लागत नाही अप्पा, पडत नाही ते तिथं."

वहिनींनी थोडा वेळ बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. दादा उठून बाहेर गेला. मला फार एकटं वाटलं. एवढी मोठी गोष्ट, आणि घरात कुणाला तिचं काही नाही.

जेवताना दही घेतलं. घट्ट, गोडसर, सुरीनं कापावं असं. आमच्या दह्याला नेहमी जरा तार सुटते आणि आंबूस चव असते. उन्हाळ्यात तर जास्तच आंबायला हवं. म्हशीचा चारा बदलला असेल.

२० मे, तुळजापूर

नमुने परत आले होते, आज तपासणीचा निकाल आला. वरचं दही आणि इथलं दही यांत जमीन-अस्मानाचा फरक. जिवाणूंचे प्रकारच वेगळे. इथल्या दह्यात जे मुख्य आहेत ते वर जवळपास नाहीत, आणि वर जे माजलेत ते इथं नावालाही नाहीत. दोन आठवड्यांत एवढा बदल कुणी कधी नोंदवलेला नाही. अर्पिता मॅडमनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "पुन्हा तपासू. पण हे खरं असेल तर तुला बंगळुरूला पीएच. डी. साठी मी स्वतः सोडायला येईन."

पुन्हा तपासलं. तेच आलं.

१ जून

कॉलेजनं फाटकावर माझा फोटो लावलाय, मागं पृथ्वी. फोटोत माझं कपाळ फार मोठं दिसतं. मॅडमनी शोधनिबंध पाठवला. बंगळुरूहून पत्र आलं, ऑगस्टमध्ये या.

७ जून, वस्तीवर

मला नीट लिहायचं आहे.

पेढे घेऊन घरी आले. शेजारी प्रेमाकाकूंकडं गेले. प्रेमाकाकू म्हणजे अव्वाची मैत्रीण, दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. म्हैस धुवत होत्या. पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "फोटू बघितला गं तुजा. माझ्या पोरानं, व्यंकटनं दावला मोबाईलमदी. पर माझं नाव कुठं घातलं न्हाईस."

"तुमचं का काकू?"

"इरजण माझंच की वर गेलेलं."

मी हसले. त्याही हसत होत्या.

"तुज्या वयनीनं न्हेलं न्हाई का वाटीभर, दवाखान्यातनं आल्यावर. तुमचं पार किडं पडून गेलं हुतं, कोण बघणार? पोरगी पडलेली, वीरेश तिच्यापाशी सोलापुरात, तुजा बाप काय दही लावतोय? आन् खरं सांगायचं तर माझं बी न्हवं ते. माझं उन्हाळ्याच्या तोंडाला मोडलं, तवा व्यंकटनं पिशवीतलं डेअरीचं दही आणलं, त्याचं लावलं. घट हुतंय ते, चांगलं हाय."

"कुठल्या दवाखान्यातून काकू?"

प्रेमाकाकूंचा म्हशीच्या पाठीवरचा हात थांबला.

"तुला सांगितलं न्हाई व्हय?" मग हळू म्हणाल्या, "तिसरा महिना हुता गं. तुळजापूरला जाऊन आली त्या सांजंला सुरू झालं. फाट्यापास्नं घरापतोर कशी आली तिचं तिलाच ठावं. आमी म्हणलं ह्या खेपंला ऱ्हाईल. तिलाबी तसंच वाटायचं, कवठं आणून ठिवली हुती."

म्हैस हलली आणि बादली कलंडली. मी तिथून कशी आले आठवत नाही.

८ जून

काल जे घडलं ते लपवलं तर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

वहिनी अंगणात शेंगा फोडत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. आधी कशाबद्दल विचारावं हे माणसाला कळायला नको का? मी आधी विरजणाबद्दल विचारलं. "वहिनी, विरजण मोडलं होतं का?"

त्यांनी मान वर केली नाही. "व्हय."

"मला का नाही सांगितलं?"

"अप्पा म्हणाले, तिचं मोठं काम चालू हाय, तिला काही सांगू नका. मग काय काय सांगायचं आन् काय न्हाई, ते मला कुठं कळतंय."

"पण विरजण तरी, वहिनी. ते अव्वाचं होतं."

आता त्यांनी बघितलं. "अव्वांचं बी मोडायचं ओ ताई. पावसाळ्यात मोडायचं, लग्नाकार्यात मोडायचं. मी आले तवा त्यांनीच सांगितलं, मोडलं की भिंतीवरनं प्रेमाकाकूला हाक मारायची, तिचं मोडलं की ती आपल्याला मारती. दिवे लागायच्या आत मागायचं, एवढंच. इरजण काय कुणाच्या घरचं असतंय?"

मग मी खाली बसले. मग मी दुसरं विचारलं. म्हणजे विचारलं नाही, नुसतं "वहिनी" म्हटलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीण म्हणाली, प्रवासानं असं होत न्हाई. होणार असंल तर घरात बसूनबी होतंय." आणि शेंगा फोडत राहिल्या.

सायंकाळी मी प्रेमाकाकूंकडं तपासणीपुरतं विरजण मागायला गेले. दारातला दिवा लागला होता. "आता घरातनं भाईर जात न्हाई," म्हणाल्या, "सकाळी ये." सकाळी दिलं. पोटाशी धरून आणलं.

११ जून, तुळजापूर

तीन दिवस मी गप्प होते. तपासणीचा निकाल यायचा आहे, असं स्वतःला सांगत होते. खरं कारण ते नव्हतं. निबंध गेलाय, बंगळुरूचं पत्र आलंय. प्रेमाकाकू इंग्रजी निबंध वाचणार नाहीत. वहिनी कुणाला काही सांगणार नाहीत, त्यांना न सांगण्याची सवय आहे.

आज निकाल आला. वर गेलेलं दही आणि प्रेमाकाकूंचं दही एकच. म्हणजे वर काहीच झालं नव्हतं. डेअरीच्या पिशवीतलं दही वर गेलं आणि जसंच्या तसं खाली आलं.

मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, वहिनींचंही.

"तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं, हे तुला माहीत आहे?"

"हो."

"मलाही आत्ता तेच सुचतंय. म्हणून जरा वेळ माझ्याशी बोलू नकोस."

मग त्यांनी संगणक उघडला आणि निबंध मागं घेण्याची मेल लिहिली. कारणाच्या जागी त्यांनी माझं वाक्य नाही, 'नमुना घेताना आमची खातरजमा अपुरी' असं लिहिलं. मी म्हटलं, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, "तू म्हणालीस आणि मी लिहिलं. आईच्या विरजणाचं मला इतकं छान वाटलं होतं की विचारायचंच राहिलं."

२ जुलै

बंगळुरूहून उत्तर आलं, यंदा जागा नाही. इथलं काम जुलैअखेर संपेल, पुढचं अनुदान येणार नाही. फाटकावरचा फोटो काढला. शिपायानं विचारलं, "ताई, घरी न्यायचाय का?" मी नको म्हटलं. तो म्हणाला, "चांगला फ्लेक्स हाय, गोठ्यावर टाकायला हुईल." त्याला दिला.

प्रवासाचा काही संबंध असतो का, ते मी शोधून वाचलं. नसतो असंच सगळीकडं लिहिलंय. वाचून काही हलकं झालं नाही. वहिनींनी जानेवारीत मला विचारलं होतं, टिकत असेल का. मी त्यांना उंदरांचं सांगितलं.

१२ जुलै, वस्तीवर

सामान घेऊन घरी आले. दादा फाट्यावर न्यायला आला होता. पेटी त्यानं उचलली. वाटेत एवढंच म्हणाला, "परत जाशील की कुठंतरी. तू काय हितं ऱ्हायची न्हाईस." त्यात राग होता की काय होतं, मला कळलं नाही. दादाचं मला कधीच काही कळलं नाही, असं आता वाटतंय.

सायंकाळी विरजण लावायला घेतलं, पहिल्यांदाच. एवढा प्रयोग केला, पण गाडग्यात कधी हात घातला नव्हता. वहिनी उंबऱ्यावर बसून सांगत होत्या. "दुधात करंगळी घाला. चटका बसला?" "नाही." "मग गार झालंय, परत ठेवा."

मग त्यांनी विचारलं, "वर कसं लागलं होतं ओ?"

"पाणी सुटलं नव्हतं. तळ आणि साय असं काही नव्हतं. सगळीकडून सारखं."

"हलवलं तर मोडत नव्हतं?"

"नाही. धक्का बसतच नाही तिथं कशाचा."

वहिनींनी गाडग्यावर झाकण ठेवलं आणि त्यावरचा हात तसाच राहू दिला.

१३ जुलै

दही लागलं नाही. दूध तसंच, वर नुसतं आंबट पाणी. प्रेमाकाकूंना भिंतीवरून हाक मारली.

१९ जुलै

वहिनींना तुळजापूरला दवाखान्यात तपासणीसाठी न्यायचं होतं. दादा निघाला होता, मी म्हटलं मी जाते. वहिनींनी ती साडी नेसली होती, एप्रिलमधली. चांगली दिसते म्हटलं तर म्हणाल्या, घडी मोडायलाच पायजे होती कधीतरी.

टमटममध्ये आम्ही मागं बसलो, दुसरं कुणी नव्हतं. फाट्यापर्यंतची खडी अजून तशीच उखडलेली आहे. पहिला खड्डा आला आणि वहिनींचा एक हात मांडीवर आला, बोटं वाकवून, गाडग्याचा गळा धरावा तशी. दुसरा पदराखाली गेला. त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं, त्या बाहेर बघत होत्या. फेब्रुवारीत स्टँडवर मी हेच बघितलं होतं आणि मला वाटलं होतं, किती जपून आणलंय माझं विरजण.

दुसरा खड्डा आला. हात पुन्हा तिथंच.

मी पुढं वाकून टमटमवाल्याला म्हटलं, "जरा हळू घ्या."

त्यानं आरशातून आमच्याकडं बघितलं. "फुटण्यासारखं काय हाय ओ तुमच्यापशी? रिकाम्या हातानंच निघालाव की."

वहिनींनी हात काढले नाहीत.